सालामांकातल्या भिडस्त पाहुणीस

ताई, नमस्कार. मी 51 वर्षांची, सांगलीची. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, पुण्यात लेकीकडे राहून स्पॅनिशचा क्लास केला, 'ए-वन'ची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाले. मग हट्टाने जूनमध्ये चार आठवड्यांच्या कोर्सला स्पेनमध्ये सालामांकाला आले. आज चौथा दिवस. सत्तरीच्या एका बाईंच्या घरी राहते. त्यांचा चाळिशीतला मुलगा आणि माझ्याच वर्गातली ब्राझीलची एक मुलगीही तिथेच असते. जेवताना ही तिघं बोलतात, हसतात. मला त्यातलं एक वाक्य धड कळत नाही. दुपारचं जेवण अडीचला, रात्रीचं पावणेदहाला. सातलाच पोटात कावळे ओरडतात, मग खोलीचं दार लावून सुटकेसमधला चिवडा खाते. मी शाकाहारी आहे (अंडं चालतं), हे आल्या दिवशीच सांगितलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी फरसबीत हॅमचे तुकडे! मी काही बोलले नाही, पोट भरलं म्हणून उठले. काल अंघोळ करून बाहेर आले तर बाई घड्याळावर बोट ठेवून पाण्याबद्दल काहीतरी म्हणाल्या. आज सकाळी माझ्या अनवाणी पायांकडे बघून रागावल्या. रात्री नवऱ्याशी बोलताना रडू आलं. शाळेला सांगून घर बदलू का? की स्वयंपाकघर असलेल्या विद्यार्थ्यांच्या फ्लॅटमध्ये जाऊ? खरं तर परतच यावंसं वाटतंय.

ता. क. गोडा मसाला आणलाय. त्या बाईंना काही करून घालू का?

*

घर बदलू नका. निदान दुसरा रविवार येईपर्यंत तरी नको. आणि परत येण्याचा निर्णय चौथ्या दिवशी घ्यायचाच नसतो. पहिले दोन-तीन दिवस नवलाईवर निघतात. मग ती ओसरते, आणि अपुरी झोप, अर्धवट पोट आणि दिवसभर कान टवकारून आलेला शीण एवढंच हाती उरतं. अशा वेळी माणसाला सगळं जगच आपल्यावर रागावलंय असं वाटतं.

घर कधी बदलावं तेही आत्ताच सांगते, म्हणजे तो प्रश्न डोक्यातून जाईल. ठरलेलं जेवण मिळत नसेल, खोली-अंथरूण घाण असेल, तुमच्या सामानाला कुणी हात लावत असेल किंवा घरातल्या कुणाची सलगी नकोशी वाटत असेल, तर एक रात्रही थांबू नका. शाळेत राहण्याची सोय बघणारी व्यक्ती असते, तिला गाठा आणि सरळ इंग्रजीत सांगा. ती वेळ स्पॅनिशच्या सरावाची नव्हे. तुमच्या पत्रात मात्र मला यातलं काही दिसलं नाही. भाषेची अडचण दिसली, ती खरीच आहे. पण त्याहून मोठी दिसली ती भीड, आणि ती तुम्ही सांगलीहून बरोबर नेली आहे.

तुम्ही त्या घरात पाहुणीसारख्या वागताय. वाढतील ते गोड मानायचं, काही मागायचं नाही, आवाज करायचा नाही, आणि यजमानीण जरा मोठ्याने बोलली की मनाला लावून घ्यायचं. पण तुम्ही पाहुण्या नाही. 1218 साली लिओनचा राजा नववा आल्फोन्सो याने इथे विद्यापीठ काढलं, तेव्हापासून या गावाला परगावच्या विद्यार्थ्यांची सवय आहे. मुलं घराबाहेर पडली, खोल्या रिकाम्या झाल्या, चार पैसे हाताशी असलेले बरे, असा विचार करून परदेशी विद्यार्थी ठेवणाऱ्या बायका तिथे पुष्कळ आहेत. तुम्ही शाळेत भरलेल्या पैशांतून त्यांना तुमच्या राहण्याजेवण्याचे पैसे मिळतात. तिथे माया नसते असं मुळीच नाही. वर्षानुवर्षं नाताळला पत्रं जातात-येतात अशी घरं मला माहीत आहेत. पण तुम्ही काही मागितलंत तर तो त्यांचा उपकार नव्हे, आणि त्यांनी घरातला नियम सांगितला तर तो तुमचा अपमान नव्हे. एवढं मनाशी पक्कं केलंत तर पुढचं सोपं आहे.

आता तो हॅम. मी शाकाहारी आहे, एवढं सांगून स्पेनमध्ये भागत नाही, आणि त्या पिढीच्या बाईंसमोर तर नाहीच. 'मांस' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर ताटातला मोठा तुकडा येतो. फरसबीत चवीपुरता परतलेला हॅम त्यांच्या लेखी मांसात जमाच होत नाही. सॅलडमधला ट्यूना हा मासा धरला जाईलच असं नाही. मसुराच्या रश्शात चोरिथो नावाचं सॉसेज असतं, चण्याच्या रश्शाला हाडांच्या पाण्याचा आधार असतो. सालामांकाची खास डिश म्हणजे लाल मिरचीपूड घालून घोटलेले बटाटे. ऐकायला अगदी आपलं वाटतं, पण वर डुकराच्या मांसाचे कुरकुरीत तुकडे असतात. ओर्नाथो ही इथली भरलेली पाव-पोळी तर आतून सगळी मांसाचीच.

म्हणून यादी द्या. 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी आतून, नी खामोन, नी चोरिथो.' मांस नाही, चिकन नाही, मासे नाहीत, ट्यूना नाही, हॅम नाही, चोरिथो नाही. त्याखाली काय चालतं ते लिहा: अंडी, चीज, दूध, डाळी, सगळ्या भाज्या. कागद त्यांच्या हातात द्या, फ्रिजवर लावायला सांगा. आणि एक व्यवहारी तोडगा सुचवा: हॅम घालण्याआधी माझी वाटी बाजूला काढा. रोज दोन वेगळे स्वयंपाक करा म्हणण्यापेक्षा हे कोणत्याही गृहिणीला लवकर पटतं. तुम्हाला चालेल असं त्या घरात पुष्कळ शिजत असणार. बटाटा-अंड्याची जाड तोर्तिया, थंड टोमॅटोचं गास्पाचो, वांगी-झुकिनी-टोमॅटो शिजवून केलेलं पिस्तो, चोरिथो न घातलेले मसूर. तुम्ही उपाशी राहण्याचं कारणच नाही.

तुम्ही न बोलता उठलात त्याचा त्या घरात काय अर्थ लागला असेल, याचाही विचार करा. हिला माझ्या हातचं आवडत नाही, एवढाच. आपल्याकडे पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'बास' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा वाढलेलं खायचं, अशी रीत आहे. वर्षानुवर्षं नाना देशांची पोरं जेवू घातलेल्या बाई 'नो, ग्रासियास' ऐकलं की भांडं उचलून मोकळ्या होतात. आग्रहाची वाट पाहत बसाल तर चार आठवड्यांत चार किलो उतराल. हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा.

जेवणाच्या वेळांवर तुम्ही वैतागलाय, पण तिथे खरा घोळ घड्याळाचा आहे. 1940 साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनची घड्याळं एक तास पुढे नेली, ती परत मागे आलीच नाहीत. उन्हाळ्यात बहुतेक युरोपाबरोबर आणखी एक तास पुढे. त्यात सालामांका देशाच्या पश्चिम टोकाला, पोर्तुगालच्या बाजूला. त्यामुळे जूनमध्ये तिथे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात जवळजवळ अडीच वाजलेले असतात, आणि तो मावळतो रात्री दहाच्या सुमारास. म्हणजे तुमची सेन्योरा, ती घरमालकीण बाई, तुम्हाला भर मध्यान्हीला जेवायला घालते आणि रात्रीचं जेवणही सूर्य मावळायच्या आत पानात असतं. तुमच्या सांगलीच्या जैन शेजाऱ्यांनाही जेमतेम चालून जाईल अशी वेळ आहे ती!

तरी सातला भूक लागते हे खरंच. ती त्यांनाही लागते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिथे मेरिएन्दा असते, म्हणजे कॉफी-दूध, टोस्ट, एखादं फळ, बिस्किटं. तुम्ही त्या वेळी दार लावून बसता, म्हणून तुम्हाला कुणी विचारत नाही. आजच स्वयंपाकघरात जा आणि 'तेंगो आम्ब्रे' म्हणा, मला भूक लागली आहे. फळं, दूध, पाव यांतलं न विचारता काय घेतलं तर चालेल, हे एकदाच विचारून घ्या, कारण पुष्कळ घरांत परस्पर फ्रिज उघडलेला खपत नाही. सकाळी अकराच्या सुट्टीत शाळेजवळच्या बारमध्ये तोर्तियाचा तुकडा आणि कॉफी घ्या. बार म्हटल्यावर बिचकू नका, तिथे सकाळी आज्याही बसलेल्या असतात. आणि तो चिवडा टेबलावर आणा. कोंडून खाल्लेला चिवडा अंगी लागत नाही.

पाणी आणि चपला यांबद्दल थोडक्यात. गरम पाण्याची टाकी ठरावीक मापाची असते, चौघांना पुरवायची असते, त्यामुळे साबण लावताना शॉवर बंद ठेवायचा. आपल्याला बादलीची सवय, शॉवर सुरू ठेवून किती पाणी जातं ते आपल्या लक्षात येत नाही. घड्याळावर बोट ठेवलं ते मिनिटांसाठी किंवा वेळेसाठी. 2021 च्या जूनपासून तिथे घरगुती विजेच्या पुष्कळ बिलांत वेळेप्रमाणे दर पडतात. कामाच्या दिवशी सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा सगळ्यात महाग, मध्यरात्रीनंतर आठपर्यंत आणि शनिवार-रविवार स्वस्त. वॉशिंग मशीन भलत्याच वेळी का लावतात, तेही यावरून कळेल. कागद-पेन्सिल पुढे करा आणि अंघोळीची वेळ लिहून मागा. अनवाणी फिरलं की पायांतून थंडी भरते, असं तिथे मानतात, आणि घरात स्लीपर नसणं हे त्यांना गबाळेपणाचं लक्षण वाटतं. स्वस्तातली एक जोडी विकत घ्या, विषय संपला. कास्तियातल्या, म्हणजे तुमच्या त्या प्रांतातल्या, बायकांचा आवाज मुळातच चढा आणि बोलणं रोखठोक. तुम्ही ज्याला रागावणं समजलात ती बहुधा काळजी होती. दुपारी खिडक्यांचे पट्ट्यांचे पडदे खाली ओढलेले दिसतील, ते उघडू नका. ऊन बाहेर ठेवायची ती त्यांची पद्धत आहे.

आता भाषा. तुम्हाला टेबलावरचं कळत नाही, याचं मला नवल वाटलं नाही. कळलं असतं तर वाटलं असतं. युरोपात भाषेच्या पातळ्या ज्या चौकटीवर ठरवतात, तिच्यात 'ए-वन'चं वर्णनच असं आहे की समोरचा माणूस सावकाश आणि स्पष्ट बोलला आणि मदत करायला तयार असला, तर या व्यक्तीला साधा संवाद जमतो. तुमच्या टेबलावर तिघं एकमेकांचं वाक्य तोडत, तोंडात घास ठेवून, ओळखीच्या माणसांबद्दल बोलतायत. ती जागा तुमच्या पातळीच्या कितीतरी वरची आहे. शिवाय स्पॅनिश मुळातच जलद बोलली जाते. सेकंदाला सात-आठ अक्षरं, इंग्रजीत सहाच्या आसपास. पण एकेका अक्षरात माहिती कमी भरलेली असते, म्हणून प्रत्येक अक्षर पकडायची गरज नसते. कुणाबद्दल चाललंय आणि बरं की वाईट, एवढं कळलं तरी या आठवड्यापुरतं पुष्कळ.

ब्राझीलच्या मुलीशी स्वतःला तोलू नका. तिची पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी आहेत. गोव्याचा कोकणी बोलणारा मुलगा मराठीच्या पहिल्या वर्गात येऊन बसला, तर तो पहिल्याच दिवशी घडाघडा बोलेल आणि अर्धं कोकणीच बोलेल. ती तेच करतेय. तिच्या वहीत लाल शाई तुमच्यापेक्षा जास्त असेल, बघा.

टेबलावर शिकायचा हट्ट सोडा, स्वयंपाकघरात शिका. वर्ग सुटल्यावर खोलीत न जाता ओट्यापाशी उभ्या राहा आणि विचारा, 'ले आयुदो?' मदत करू का? बटाटे सोलायला मिळतील. तिथे एकच माणूस बोलत असतं, ज्याबद्दल बोलतं ती वस्तू समोर असते, आणि आज जे म्हटलं तेच उद्या पुन्हा म्हटलं जातं. कापणं, परतणं, उकळणं, मीठ कमी, तेल पुरे, झाकण कुठे गेलं. संसाराची 25-30 वर्षं काढलेल्या बाईला ओट्यापाशी अर्धं तर भाषेवाचूनच कळतं. आणि नवख्यांशी बोलण्याचा सराव त्या सेन्योराला कुठल्याही शिक्षिकेइतकाच आहे. टेबलावर त्या मुलाशी बोलतात तशा ओट्यापाशी तुमच्याशी बोलणार नाहीत.

जेवायला बसताना मात्र दोन वाक्यं आणि एक प्रश्न तयार ठेवून बसा. आज वर्गात काय झालं याची दोन वाक्यं, आणि मुलासाठी किंवा बाईंसाठी एक प्रश्न. ते बोलून झालं की निवांत जेवा, उरलेला वेळ नुसता ऐका. तिथे पुष्कळ घरांत दुपारी तीनला आणि रात्री नऊला बातम्या लागतात, त्यातलं हवामान न चुकता बघा. आकडे, दिशा, ऊन, पाऊस, वारा, रोज तेच शब्द आणि शेजारी नकाशा. इतका सोपा फुकटचा धडा दुसरा नाही.

आणि न समजता 'सी, सी' म्हणून मान हलवणं आजपासून बंद. माझा दाट संशय आहे की पाण्याचा नियम बाईंनी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि तुम्ही हसून 'सी' म्हणाला होतात. त्याऐवजी म्हणा, 'ओत्रा वेथ, मास देस्पाथिओ, पोर फावोर.' पुन्हा एकदा, जरा हळू. दिवसातून वीसदा म्हणावं लागलं तरी म्हणा. सत्तरीच्या बाईंना एकेरीत हाक मारायला जीभ रेटणार नाही, तर 'उस्तेद' म्हणून आदराने बोला. त्या स्वतःच 'तू' म्हणायला सांगतील, तेव्हा सोडा.

एक गोष्ट तुमच्या शिक्षकांनी सांगितली नसण्याची शक्यता आहे, कारण पुण्यात बहुतेक ठिकाणी स्पॅनिश इंग्रजीतून शिकवतात. वाक्य मनात इंग्रजीत जुळवून मग स्पॅनिश करायचा द्राविडी प्राणायाम बंद करा. 'मे गुस्ता एल पान' याची घडण 'मला पाव आवडतो' अशीच आहे, पाव कर्ता आणि मी 'मला'. 'मे दुएले ला काबेथा', माझं डोकं दुखतं, तेही त्याच वळणाचं. इंग्रजी मुलं इथे आठवडे घालवतात. नामाच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलायचं हेही तुम्हाला जन्मापासून येतं, आणि तिथे तर दोनच लिंगं. त, द हे दंत्य उच्चार तर तुमच्या तोंडी आयते आहेत.

नवऱ्याशी बोलायची वेळ बदला. उन्हाळ्यात भारत स्पेनच्या साडेतीन तास पुढे असतो. तुम्ही रात्री जेवणानंतर फोन करता तेव्हा सांगलीत दीड-दोन वाजलेले असतात. तुम्ही दमलेल्या, ते झोपेत, मग रडण्याखेरीज काय होणार? दुपारी चारला बोला. तिथे सगळं गाव सामसूम असतं, दुकानं बंद असतात, आणि सांगलीत संध्याकाळचे साडेसात. अर्धा तास पोटभर मराठी बोला आणि फोन ठेवून द्या. रात्री पुन्हा नको.

संध्याकाळी बाहेर पडा. 1755 साली पुरा झालेला प्लाथा मायोर हा चौक तुमच्या घरापासून फार लांब नसावा; अख्खं गाव तिथे घड्याळाखाली भेटतं. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला बेडूक शोधायला तुम्हाला सगळे सांगतील, आणि कॅथीड्रलच्या दारावर 1992 च्या दुरुस्तीत कोरलेला अंतराळवीरही. बघा जरूर, पण एकदाच. रोज जायचं ते चौकाशेजारच्या मंडईत, सकाळच्या सुट्टीत किंवा शनिवारी. जूनमध्ये खेर्तेच्या खोऱ्यातली चेरी येते. पाव किलो मागा, भाव विचारा, मोड मोजून घ्या, घरी नेऊन ओट्यावर ठेवा. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईला आकड्यांची भीती वाटायला नको. कितीला घेतली हे सेन्योरा विचारतीलच, आणि महाग पडली म्हणून बोलतील. तिथून गप्पा सुरू.

फ्लॅटमध्ये गेलात तर स्वयंपाकघर तुमचं असेल आणि दिवसभर कानावर इंग्रजी पडेल. वरण-भात कराल, छान झोपाल, आणि चार आठवड्यांनी आहात तिथेच असाल. त्यासाठी सालामांका कशाला?

गोडा मसाला जरूर वापरा, पण दुसऱ्या आठवड्यात आणि आधी विचारून. आपला ओटा दुसऱ्या बाईच्या ताब्यात द्यायला कुणालाच आवडत नाही, त्यामुळे त्यांच्याच पद्धतीने शिजवलेल्या मसुराला शेवटी तुमची फोडणी द्या. तिखट नको. जुन्या कास्तियन जिभेला धुरावलेल्या मिरचीपुडीपलीकडचा तिखटपणा सोसत नाही. मोहरी तडतडणार आहे हे आधी सांगा, खिडकी उघडा, आणि शनिवारी करा, त्या दिवशी वीज स्वस्त असते. हिंगाची डबी मात्र बाहेर काढू नका. तेवढी ओळख व्हायला चार आठवडे पुरत नाहीत.